सतरा नंबरचा चहा

प्रिय दिगू,

परवा तुझं वर्षश्राद्ध आणि त्याच दिवशी आपल्या वाचनालयाची वार्षिक सभा. तारीख कार्यवाहांनीच ठरवली. त्या दिवशी मी कामात असेन, म्हणून आजच लिहितोय.

वैद्यकाची हस्तलिखित पोथी हरवली, तेव्हा भर सभेत कार्यवाहांनी तुझ्याकडून किल्ल्या काढून घेतल्या. "ग्रंथपालच चोर निघाला, आता कोणाले सांगावं?" असं वर म्हणाले. लबाडाला संस्कृतात डझनभर शब्द आहेत. मला सगळे येतात. तरी मी गप्प बसलो. तू माफ केलं असशील. मी मला केलेलं नाही.

वहिनींनी तुझी वही दिली. पन्नाशीत एसक्यूएल, म्हणजे संगणकातल्या तक्त्यांना प्रश्न विचारायची भाषा, शिकायला लावलंस, हा राग वेगळाच. तू म्हणायचास, "पंडित, तुले श्लोकाचा अन्वय लावता येते, मंग जॉइन काऊन नाही जमत बे?"

जमलं बघ. वाचनालयाच्या संगणकातले तुझे तीन तक्ते: पुस्तकं, सभासद, देवघेव. देवघेवीत फक्त सभासदाचा नंबर, नाव दुसऱ्या तक्त्यातून जोडायचं. साधा जॉइन लावला, म्हणजे नाव जुळेल तेवढ्याच ओळी दिसणार, तर पोथी कुणी नेलेलीच नाही. मग लेफ्ट जॉइन लावला, म्हणजे नाव सापडो न सापडो, देवघेवीची प्रत्येक ओळ दिसावी. आणि पोथी दिसली. नेली सतरा नंबरनं, परत केली नाही. नावाची जागा रिकामी.

सभासदांतून कुणीतरी स्वतःलाच पुसलं होतं. पडद्यावरची नोंद गेली म्हणजे मुळातून गेली, असं वाटलं बिचाऱ्याला. पण त्याला आत शिरता आलं कसं? पासवर्ड कागदावर लिहून मॉनिटरला कुणी चिकटवला होता, दिगू?

आणि सतरा कोण? नाव एकाच तक्त्यात लिहायचं, हा तुझा नियम. नशीब, तूच तो मोडलास. कोपऱ्यात चौथा तक्ता सापडला: सभेला कुणाला कसा चहा. सतरा, बिनसाखरेचा. पुढे कार्यवाहांचं पूर्ण नाव.

वहिनींना दाखवलं. त्यांनी बोट ठेवून ती ओळ वाचली. मग म्हणाल्या, "भाऊजी, हे समद्यायले मोठं करून दाखवा."

धाड गावाहून मोठा पडदा सांगितलाय. परवा किल्ल्या वहिनींच्या हातात पडतील आणि पोथी कुठे आहे ते सतरा नंबर स्वतःच्या तोंडानं सांगेल. तोवर त्याला उठू देणार नाही, हे वचन. चहा मात्र मीच नेऊन देईन. तुझ्या तक्त्यात लिहिलाय तसाच.

तुझा, तेव्हा गप्प बसलेला,
पंडित