अवनीची तहान

१९ एप्रिल २०२४, शुक्रवार

पुन्हा अख्खा तांब्या! मी ओट्याशी भाजी चिरत होते. अवनी आली, तांब्या तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला. मग दुसरा भरला. हनुवटीवरून पाणी गळ्यापर्यंत ओघळत होतं. "अगो, हळू," म्हटलं. "तहान लागता, काकू," एवढंच बोलली.

काकूच म्हणते मला. विमलाला – तिच्या आईला – जाऊन चार वर्षं झाली, मंगेशशी लग्न करून मला या घरात येऊन दोन. पंधरा वर्षांच्या मुलीवर दुसरी हाक कशाला लादायची? मीच सांगितलं होतं, काकू म्हण म्हणून.

जेवताना मंगेशना हे सांगितलं. ते कुडाळहून, कारखान्यातून दमून आलेले. "उकाडो बघ कितको आसा! पाणी पियात नाय तर काय करात?" खरंच आहे. मालवणात यंदा पंख्याखाली बसूनही घाम निथळतो. बाथरूमलाही सारखी जाते, पण एवढं पाणी प्याल्यावर जाणारच की.

२२ एप्रिल, सोमवार

सत्यवतीताई आल्या – विमलाची थोरली बहीण. कुणकेश्वरहून एसटीने, आंब्यांची पेटी घेऊन. आल्या आल्या अवनीचे दंड चाचपून बघितले. "कितकी सुकलंस गो बाय!" मग माझ्याकडे न बघता, "जेवक घालतंस मा तिका वेळेर?"

अवनीच म्हणाली, "घालता गो मावशी! दोन-दोनदा जेवतंय मी." त्यांनी ऐकलंच नाही.

मी हसले. चहा दिला, पोहे दिले. त्या गेल्यावर न्हाणीघरात जाऊन रडले – मूर्खासारखी!

२३ एप्रिल

आजपासून सकाळ-संध्याकाळ आमरस. दुपारी कोकम सरबत, साखर सढळ हाताने घालून. बघूच, कोण म्हणतं मी घालत नाही ते!

२८ एप्रिल, रविवार

शेजारच्या लग्नाला जायचं होतं. अवनीने शिमग्याला शिवलेला पंजाबी ड्रेस काढला. नाडी घट्ट ओढून बांधली तरी सलवार कमरेवर टिकेना. सेफ्टी पिन लावून दिली मी. पिन लावताना तिच्या कमरेचं हाड हाताला लागलं. आमरस जातो कुठे?

मंगेशना म्हटलं, डॉक्टरकडे नेते. ते म्हणाले, "गेल्या वर्षाचा इसारलंस?"

विसरले नाही. पाळीत पोटात दुखत होतं म्हणून मी हिला नेलं होतं. सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. सत्यवतीताई साऱ्या नातेवाइकांत सांगत सुटल्या – "नसता दुखणा लावतली ही चेडवाक. उद्या लग्नाक कोण इचारीत?" तेव्हापासून ठरलंय, आधी मंगेशना विचारायचं.

"वयात इली मा. ह्या वयात चेडवां बारीक होतत. तुजी इलेक्शनची ड्युटी होवंदे, मगे बघू."

बरं म्हटलं. माझ्या पोटची असती तर बरं म्हटलं असतं का? कोण जाणे. कदाचित म्हटलंही असतं.

३ मे, शुक्रवार

मतदानाचं ट्रेनिंग. आम्हा शिक्षकांना मशीन कसं लावायचं ते परत परत शिकवलं. डोकं उठलं. घरी आले तर अवनी झोपलेली. मैत्रिणी समुद्रावर जायला हाका मारून गेल्या म्हणे, उठली नाही. समुद्र सोडणारी मुलगी नव्हे ही!

संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते तर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"काय गो?"

"काय नाय."

गेली मात्र नाही. मी म्हटलं, "आमरस देऊ?" "होय" म्हणाली. उभ्या उभ्या प्याली. वाटी धुऊन पालथी घातली नि गेली.

६ मे

मला ड्युटीवर जायचं, म्हणून अवनी सत्यवतीताईंकडे. मंगेश मोटरसायकलवरून सोडून आले. मी पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या दिल्या. वाटेतच संपल्या म्हणे.

८ मे, बुधवार

मतदान आटोपलं. साहित्य जमा करून घरी आले तेव्हा पाय माझे नव्हतेच. कुणकेश्वरला फोन केला. सत्यवतीताई म्हणाल्या, "मजेत आसा. कंटाळता वायच, निजान रवता. शनवारी येयत." अवनीला फोन द्या म्हटलं तर ती झोपली होती.

सोमवारी डॉक्टरकडे न्यायचं. मंगेशना सांगूनही टाकलं. विचारलं नाही, सांगितलं.

११ मे, शनिवार

आली. मोटरसायकलवरून उतरली तेव्हा मंगेशचा खांदा धरून उतरली. गळ्याची हाडं केवढी वर आलीत! ओठ फुटलेले. घरात पाऊल टाकताच उलटी झाली. मंगेश म्हणाले, "आंबे जास्त खाल्ले तिना, मावशीकडे पेट्याच पेट्या."

तोंड पुसायला जवळ घेतलं तर श्वासाला वास – फार पिकून उतरलेल्या फळाचा. आंब्याचाच असेल. पोटात दुखतंय म्हणते. लिंबूपाणी दिलं, तेही उलटलं.

आत्ताच नेऊया म्हटलं. मंगेश म्हणाले, "शनवारचा संध्याकाळी कोण गावतला? पित्त झाला आसात. उद्या सकाळी बघू." अवनीला विचारलं, नेऊ का गो? तिने मान हलवली. हो की नाही, कळलं नाही मला. मी ते 'नाही' असं धरलं.

१४ मे

अवनी गेली.

१८ मे, शनिवार

लिहून काढते. कोणाशी बोलता येत नाही.

रविवारी सकाळी चहा घेऊन गेले तर ती श्वास घेत होती – खोल, मोठा, धावत आल्यासारखा. पडूनच होती आणि धावत आल्यासारखा! हाक मारली तर डोळे उघडले, पण माझ्यावर थांबले नाहीत. मंगेश आंघोळीला होते. मी दाराशीच ओरडले, "मी हिला घेऊन जातेय!" आणि रिक्षा बोलावली. ते ओल्या अंगावर शर्ट घालून मागून धावले.

रविवार म्हणून दवाखाना बंद. डॉक्टर घरीच राहतात वर. तसेच खाली आले. वाकून तिचा श्वास बघितला आणि दुसरं काही न बघता बोटाला सुई टोचली. यंत्रावर आकडाच येईना. नुसतं 'हाय' – मोजता येईल त्याच्या वर साखर.

"तहान कधीपासून लागायची हिला?"

"एप्रिलपासून... आधीपासूनही असेल."

"लघवी? वजन?"

मी सगळ्याला हो म्हणत होते. प्रत्येक गोष्ट मी बघितली होती. प्रत्येक!

सलाईन लावून अँब्युलन्समधून गोव्याला. मंगेश पुढे बसले. मी मागे, तिचा हात धरून. बांद्याच्या पुढे एकदा "पाणी" म्हणाली. अँब्युलन्समधल्या ब्रदरने मानेनेच नको सांगितलं. ओला कापूस ओठांवर फिरवला मी. तेच शेवटचं बोलली.

तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. म्हणाल्या, शरीरात इन्सुलिनच बनत नव्हतं, लहान मुलांत असतो हा डायबेटिस. मेंदूला सूज आली आहे. मी त्यांना आमरसाचं सांगितलं. सरबताचं, साखरेचं. त्यांनी माझा दंड धरला. "आमरसानं हा आजार होत नाही. कुणाच्याच खाऊ घालण्यानं होत नाही." मग म्हणाल्या, "पण एवढी तहान आणि वजन उतरणं एकत्र दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासायचं. त्याच दिवशी." त्या मला दोष देत नव्हत्या. इतरांना सांगा, अशा सुरात म्हणाल्या.

मंगेश बाहेर बाकावर बसून होते. "मिया सांगलंय बघू, बघू..." यापुढे त्यांना वाक्य येत नाही. अजून येत नाही.

२७ मे, सोमवार

बारावं झालं परवा. माणसं आली, पानं उठली. मी पाणी वाढत होते तर मागल्या पडवीत कोणीतरी म्हणालं, "सख्खी आवय असती तर..." पुढचं ऐकायला थांबले नाही.

सत्यवतीताई एका कोपऱ्यात पदर तोंडाला लावून बसलेल्या. एक शब्द बोलल्या नाहीत माझ्याशी, बघितलंही नाही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. काहीतरी तोंडावर बोलल्या असत्या!

मला एकच गोष्ट कुरतडते. अंगात काय काय होत असेल तिच्या – आणि एका शब्दाने मला बोलली नाही. दोन वर्षं एका घरात! वेणी घातली, अभ्यास घेतला, तापात उशाशी बसले. तरी इतकाही भरवसा वाटला नाही तिला माझा. काकू ती काकूच.

९ जून, रविवार

सत्यवतीताई आल्या. एकट्याच. उंबऱ्यातच बसल्या, आत येईनात. माझा हात धरला आणि म्हणाल्या, "मतदानाच्या दिवसांत माज्याकडे होती तेवा तिना सांगल्यान माका सगळा. तहान, पायात गोळे, डोळ्यांफुडे काळोख. माका इचारल्यान – मावशी, काकूक सांगू काय? मियाच म्हटलंय, सांगा नको. ती परत डॉक्टराकडे व्हरून तुजो बोभाटो करीत."

रडत होत्या. मी हात सोडवून घेतला नाही. त्यांचं पुढचं काही ऐकूही आलं नाही.

तिला मला सांगायचं होतं.