अकरा पोरांचा गुराखी

म्हणजे पुरुषाच्या हातात पोर टिकत न्हाई, हाच ना तुमचा हेका? ठीक. मग देवानं पोरांना बाप कशासाठी दिलाय, तेवढं मास्तरांना विचारून पुढच्या पत्रात लिहवा. मागच्या पत्रात तुम्ही चार ओळी माझ्या तब्येतीच्या आणि दोन पानं माझ्या लायकीची लिहविलीत. म्हणता, ज्याला हणमंतप्पाची एक म्हैस सांभाळता आली न्हाई, त्याच्याकडं नात कशी पाठवू? अक्का, त्या म्हशीला चौदा वर्षं झाली. म्हैस मेली, हणमंतप्पा मेला, ज्या कोंडवाड्यात ती गेली त्याची भिंत पडली. तुमची आठवण तेवढी ठणठणीत आहे. आणि चार महिन्यांसाठी म्हणून तुम्ही आमची पोर तिकडं मुरुम गावाला नेलीत, त्याला अठरा महिने झाले, हे मात्र त्याच आठवणीत बसत न्हाई. निजाम सरकारचं फसली साल वेगळं चालतं हे मला ठाऊक आहे, पण फसलीतसुद्धा चाराचे अठरा होत न्हाईत.

आता रीतीप्रमाणं. अक्कांच्या पायी धाकटा भाऊ गुरुलिंग याचा मुंबईहून शरणार्थ. मी आणि शिवकांता खुशाल आहोत. तुमच्या गुडघ्यांना उतार पडला का, दाजींचा खोकला उधारीवाला दारात दिसला की अजून वाढतो का, आणि आमच्या नीलम्माला दाढा आल्या का, ते कळवावं. तुम्हाला पत्र लिहायचं म्हणजे मला कायमचं कोडं. आई गेल्यावर कडेवर घेऊन वाढवलं ती बहीण तुम्हीच, आणि आपल्याकडच्या रीतीनं पोटची लेक शिवकांता भावालाच दिलीत, म्हणून सासूही तुम्हीच. नुसती बहीण होतीस तोवर मी तू म्हणायचो आणि तू माझ्या खोड्यांवर पांघरूण घालायचीस. सासू झाल्यावर तुम्ही म्हणू लागलो, आणि तेच पांघरूण तुम्ही चव्हाट्यावर झटकू लागलात. म्हणून या पत्रातली चौकशी बहिणीची आणि भांडण सासूशी आहे. ज्याचं त्यानं वाटून घ्यावं. (नारायणराव मास्तर, हे पत्र तुम्हीच वाचून दाखवणार. उर्दूच्या अलिफ-बेला भिऊन दुसरीतून पळालेल्या पोराचं शुद्धलेखन आहे, छडी तिथंच भिंतीवर मारून घ्या. आणि कंसातलं मोठ्यानं वाचू नका. मागच्या वेळी वाचलंत, आणि दाजींच्या दुकानापुढं सतरा माणसं ऐकत होती असं कळलं.)

तर धंद्याचं ऐका, म्हणजे पुढच्या पत्रात नावं ठेवायला माल मिळेल. शिवकांता आणि चाळीतल्या बाया सकाळच्या भोंग्याला गिरणीत जातात आणि त्यांची पोरं माझ्या खोलीत येतात. खोली दहा हात लांब, दहा हात रुंद. त्यात चूल, मोरी, शिवकांताची पेटी, रॉकेलचा डबा आणि अकरा पोरं. दाजींच्या गोठ्यात चार जनावरं अंग टेकून उभी राहतात म्हणून तुम्हाला कीव येते. इथं ती जनावरं मला सावकार वाटतात. आता मला येणारी विद्या एकच, गुरं राखायची. (दुसरी विद्या शिकवायला मास्तरांनी लई प्रयत्न केला, पण त्यांचाच हात दुखला.) मग मी पोरंही त्याच कायद्यानं राखतो. सकाळी पोर हातात घेताना आईला विचारायचं, काय खाल्लं, किती प्यालं, मागचं कसं झालं. बाया आधी लाजल्या, मग चिडल्या, आता न विचारताच जिन्यातून ओरडून सांगतात आणि समद्या चाळीला कळतं. आधीच लंगडत आलेलं जनावर आपल्या माथी मारून घ्यायचं न्हाई, म्हणून पोराच्या अंगावरचं खरचटलेलं आईसमोर मोजून घ्यायचं. आणि दिवेलागणीला जो आपलं जनावर न्यायला येणार न्हाई, त्याचं कोंडवाड्यात. हे मात्र अंगाशी आलं. एक कोकणातली बाई रेशनच्या रांगेत अडकून उशिरा आली. मी कायद्यानं सांगितलं, तुमचा बंड्या कोंडवाड्यात जमा झालाय, सोडवायचा एक आणा. तिनं पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि म्हणाली, "मेल्या, माझो झील काय रेडो वाटलो तुका?" पुढचं लिहीत न्हाई, एक तर मला समजलं न्हाई आणि जे समजलं ते मास्तरांना वाचवणार न्हाई. आणा तर मिळाला न्हाईच, त्या दिवसापासून चाळीत माझं नाव 'मोगलाईतली दाई' पडलं, कारण निजामाच्या मुलखाला इथं मोगलाई म्हणतात. तुमच्या जावयाला मुंबईनं दिलेली ही पहिली पदवी. दाजींना सांगा, दुकानाच्या फळीवर रंगवून घ्या.

(वर जो शाईचा अंगठा उमटलाय तो सहीचा न्हाई. बंड्या उठला.)

मग मी घुंगरं आणली. रानात बाभळीखाली डोळे मिटून पडलं तरी कानानं कळायचं, कोणतं जनावर कुठं चरतंय. कारण प्रत्येकाच्या गळ्यातली घंटा वेगळी. मी म्हटलं, ही अक्कल मुंबईला अजून सुचलेली दिसत न्हाई. बाजारातून अकरा घुंगरं निवडून आणली, एकाचा आवाज दुसऱ्याला लागू नये अशी, आणि एकेकाच्या करदोड्याला बांधली. चार दिवस मी राजा होतो. भाकऱ्या थापता थापता कानानं मोजायचो: अकरा. मग पाचव्या दिवशी हिंमतराव आले. हिंमतराव म्हणजे शेजारच्या खोलीतले, साताऱ्याकडचे, मिशी झाडूएवढी. गिरणीत रात्रपाळीला बॉयलरवर असतात आणि दिवसा झोपतात. म्हणजे माझ्या धंद्याच्या आधी झोपायचे. दारात उभं राहून त्यांनी विचारलं, "आरं ए मोगलाई, हितं माणसं ऱ्हात्यात का खिल्लारं?" मी म्हटलं, दोन्ही. ते म्हणाले, "खालच्या म्हातारीकडं वीस पोरं हायती. कवा आवाज येतो का? तिच्याकडनं शिक जरा." मी म्हटलं, तिच्याकडून तेवढं एक सोडून काहीही शिकीन. ते न समजताच निघून गेले. त्यांचं काही चुकलं न्हाई, मलाही पूर्वी समजत नव्हतं.

त्याच दुपारी मी सुपात तांदूळ घेऊन डोळे मिटून बसलो होतो (निवडत होतो, झोपलो नव्हतो, मास्तर, हे मोठ्यानं वाचा). कानानं मोजलं, अकरा. पुन्हा मोजलं, अकरा. तेवढ्यात बंड्याची आई दुपारच्या सुट्टीत त्याला पाजायला आली आणि विचारते, पोर कुठं? मी डोळे न उघडताच सांगितलं, गॅलरीत, उजव्या हाताला, त्याचं घुंगरू वाजतंय. ती गेली आणि तिनं जी बोंब मारली, ती मुरुमाच्या बाजारातही पोचली असेल. घुंगरू वाजत होतं खरं, पण शेळीच्या गळ्यात. (मुंबईत शेळीसुद्धा दुसऱ्या मजल्यावर राहते, म्हणून दूध महाग.) अक्का, त्या घटकेला मला पोलीस दिसले न्हाईत, बंड्याच्या आईचा हात दिसला न्हाई. तुम्ही दिसलात. दुकानाच्या ओट्यावर बसून तुम्ही म्हणत होतात, "बघा, मी काय सांगत होते!" मोरी बघितली, जिना बघितला, नळाखालची टाकी बघितली. सुपातले तांदूळ घरभर. दहा पोरं रडतायत, शेळी घुंगरू वाजवत मागं फिरतीय. शेवटी हिंमतरावांचं दार ढकललं. बंड्या त्यांच्या छातीवर पालथा पडला होता आणि दोघं घोरत होते. झालं होतं असं की पोर रांगत त्यांच्या खोलीत गेलं, त्यांनी झोपेतच घुंगरू ओरबाडून बाहेर फेकलं, ते माझ्यातल्याच थोरल्या पोरांनी शेळीला बांधलं. आणि फेकायचं राहिलेलं पोर त्यांनी छातीवर ठेवून घेतलं. आवाज बंद झाला, त्यांना काय पाहिजे होतं?

मी बंड्याला उचललं. हलवलं. डोळा उघडेना. पुन्हा गदागदा हलवलं, तशी त्यानं किंकाळी फोडली आणि माझ्या नाकाचा चावा घेतला. मी हसत सुटलो. बंड्याच्या आईला वाटलं, मोगलाईतल्याचं डोकं फिरलं. तिला नाकाचं काय कळणार! तुम्हाला सांगतो, कारण सांगायचं राहून गेलंय.

खालच्या म्हातारीची वीस पोरं ओरडत न्हाईत, कारण ती सकाळी येतील तशी प्रत्येकाच्या तोंडात टाळूला अंगठ्यानं अफूची गोळी लावते. बाळगोळी म्हणतात. कितीक आयांना ठाऊक असतं, मला नव्हतं. आमची नीलम्मा सहा महिने तिच्याकडंच होती. मी गिरणीत, शिवकांता गिरणीत, आणि संध्याकाळी गुणी पोर मुकाट झोपलेली हातात मिळायची. मी चाळीत मिरवत होतो, माझी लेक रडत न्हाई म्हणून. ज्यानं दोन वर्षं गुरं राखली, ज्याला ठाऊक की न उठणारं जनावर शहाणं नसतं, दुखणाईत असतं, त्यानं. तुम्ही तिला नेलीत आणि महिन्याभरात लिहविलंत, की मुरुमाच्या हवेनं पोर आता गल्ली डोक्यावर घेते. मला हवेचं कोडं सुटेना. म्हातारीकडं राहिलेली दुपटी आणायला गेलो, तेव्हा तिचा अंगठा बघितला. दुसऱ्या दिवशी गिरणी सोडली. मुकादमाशी भांडून सोडली असं मी सगळ्यांना कळवलं होतं, आणि तुम्हाला ते लगेच पटलं, याचं मला तेव्हा बरंच वाटलं. शिवकांताचं दूध आटलं म्हणून पोर वाळली, असा तुम्ही तिला बोल लावलात. तो परत घ्या. दूध तिचं आटलं नव्हतं, अक्कल माझी आटली होती. तिला मी सांगितलंय. ऐकून घेतलं आणि न जेवता कामाला गेली. अक्का, तू पोर उचलून नेलीस ते लई चांगलं केलंस.

बास. एवढं गोड लिहून माझंच तोंड कडू झालं. आता धंद्याचं शेवटचं: माझी पोरं मुंबईत सगळ्यात जास्त बोंबलतात, कारण ती जित्ती आहेत, आणि आया आता हेच ऐकून पोरं आणतात. खालच्या म्हातारीची वीसची चौदा झाली. ती मला शिव्या देते, त्या मी पदवीत धरतो. घुंगरं मोडीत घातली, आता डोळे उघडे ठेवून मोजतो. हिंमतराव कामावरून आले की बंड्याला मागून नेतात, त्याच्याशिवाय त्यांना झोप लागत न्हाई. तेव्हा नीलम्माला पाठवा असं मी मुळीच म्हणत न्हाई. तुमचा जीव जडलाय, पोर सुखात आहे, आमची इथं अकरांची हौस भागते. दाजींना शरणार्थ, नीलम्माला पापा, मास्तरांना नमस्कार.

तुमचा धाकटा भाऊ आणि नाइलाजानं जावई,
गुरुलिंग

ता. क. – आगगाडीत तीन वर्षांच्या आतल्या पोराला तिकीट लागत न्हाई. नीलम्माला श्रावणात तीन पुरी होतात. मग अर्धं तिकीट पडतं. मी फक्त काटकसरीचं बोलतोय.

दुसरं ता. क. – करोडगिरीच्या नाक्यावर तूप, कापड, सुपारी पकडतात. पोरीवर जकात लागत न्हाई. चौकशी केली आहे.

तिसरं ता. क. – शिवकांताला हे पत्र ठाऊक न्हाई. संध्याकाळी शेवटचं पोर न्यायला कुणी उशीर केला, तर ती ते मांडीवर घेऊन बसते आणि आई आली तरी पटकन देत न्हाई. हे पहिल्यांदा बघितलं त्या दिवसापासून कोंडवाड्याचा आणा मला मागता येत न्हाई. अक्का, नीलम्माला घेऊन या. तुम्हीच या, दुसऱ्या कुणाबरोबर नको. ती मला ओळखणार न्हाई, पहिले चार दिवस तुमच्याच पदरामागं लपेल, म्हणून पदर लागेल. खोली बघा, पोरं मोजा, माझ्यात खोट निघाली तर दोघींनी परत जा. मनीऑर्डर वेगळी केली आहे, मोटारीचं आणि आगगाडीचं मिळून एका माणसाचं येण्याचं भाडं. जाण्याचं धरलेलं न्हाई, ते पोर माझ्या हातात पडल्यावर देईन. तूर्त इंग्रजी कलदार रुपये सात, आणे बारा.