दुसऱ्या रांगेतली चूक

१४ नोव्हेंबर, बुधवार

वन्सं, नमस्कार.

खोकला कसा आहे? वाफ घेताय ना, की नेहमीसारखं दुसऱ्यांना सांगायचं आणि स्वतः काही करायचं नाही? तुमचे बंधुराज मजेत आहेत. परवा दाराच्या बिजागरीला तेल घालायला बसले आणि बिजागरीच काढून ठेवली. आता दार खुर्चीच्या टेकूने उभं आहे. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून लिहायला बसले.

तालमी जोरात चालल्या आहेत. सिंफनीचे शेवटचे दोन भाग, आपले गाणाऱ्यांचे, रोज घेतात. आधी बराच वेळ नुसता ऑर्केस्ट्रा वाजतो आणि आपण कोरसवाल्यांनी ठोंब्यासारखं बसून राहायचं, मग बसल्या जागीच, जेमतेम ऐकू येईल अशी सुरुवात करायची. ती सुरुवात काल कंडक्टर सरांना पहिल्यांदा पसंत पडली. म्हणाले, "दुसरी रांग आता कशी स्वच्छ झाली!" शेजारची माझ्या कानात म्हणाली, "तुझी नणंद गेली आणि आपलं नशीब उघडलं बाई." मी हसले. वन्सं, मी चक्क हसले.

रांग स्वच्छ झाली, कारण मी गातच नव्हते. नुसते ओठ हलवत होते.

गाणार कशी? मला नोटेशनमधलं ओ की ठो कळत नाही, हे तुमच्याशिवाय कुणाला माहीत होतं? "हिला सगळं वाचता येतं" असं सरांना सांगून तुम्हीच मला आत घेतलंत. पानं मी सगळ्यांबरोबर उलटायची, पण सगळी भिस्त तुमच्यावर. तुम्ही श्वास घेतला की मी घ्यायचा, तुम्ही तोंड उघडलं की मी उघडायचं. त्या दिवशी तुम्ही खोकला दाबायला श्वास घेतलात. मला वाटलं, आलीच वेळ. आणि सगळं चिडीचूप असताना मी एकटीच सुटले! भोंगाच वाजला म्हणा ना. सरांचा हात हवेतच राहिला. "कोण होतं ते?"

मी पानात डोकं खुपसलं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "मी."

सरांनी खोकल्याचं कारण पुढे केलं आणि तुम्हाला शनिवारच्या कार्यक्रमातूनच काढलं. तुम्ही पर्स उचललीत, आणि मी पाय आखडून तुम्हाला जायला वाट करून दिली. एवढंच केलं मी! वर्षभर भाजी निवडतानासुद्धा तुम्ही ते गाणं गुणगुणत होतात. तेव्हापासून आरशात बघायची लाज वाटते.

हे सगळं तुम्हाला लिहून मोकळं व्हावं, असं कालपर्यंत मनात होतं. पण तुम्हाला नव्याने काय सांगायचं? सांगायचं सरांना आणि बाकीच्यांना होतं. म्हणून आज तालमीत उठून उभी राहिले. म्हटलं, ती मी होते, आणि मला वाचताही येत नाही. शेजारचीने खुर्ची जरा पलीकडे सरकवली. मागून कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं. सर "त्यांना बोलवा," इतकंच म्हणाले आणि पान उलटलं.

माझी फाइल मी परत दिली. उद्या संध्याकाळी शेवटची तालीम आहे. सर तुम्हाला फोन करतील, तो तरी उचला. माझ्यावर रागवा, वाटेल तितके दिवस बोलू नका, पण तिथे जा. शनिवारी मी मागे कुठेतरी बसून ऐकेन म्हणत होते. तुम्हाला नको असेल, तर घरीच राहीन. माफी मागायला मला तोंड नाही.

खाली 'तुमची' असं लिहायला घेतलं होतं. हात धजला नाही.

तुमच्या भावाची बायको