एवलीनच्या लेकीची फुलं

१५ एप्रिल १९७८, शनिवार

पेरलं एकदाचं! सातवर्षीचे, त्या वर्षानुवर्षं टिकणाऱ्या कागदी फुलांचे, दोन वाफे, स्टॅटिसचे दोन, निळ्या लार्कस्परचा एक. बी इतकं बारीक की वाळूत मिसळून टाकावं लागतं. आई पायरीवर बसून विचारत होती, "निळं किती घातलंस?" तिला आता फक्त उजेड-अंधार कळतो, पण निळ्याची चौकशी दरवर्षी असते. निळं माझ्या बहिणीला, एवलीनला आवडायचं. ते आम्ही दोघी बोलत नाही.

२० मे

रोपं चार पानांवर आली. रोज सकाळी गोगलगायी वेचते. पाठ मोडली.

३ जून

केपटाउनच्या फुलांच्या दुकानवाल्या मिसेस फुरी स्वतः आल्या. नोव्हेंबरात एक मोठं लग्न आहे. टेबलांवर आणि चर्चमध्ये सुकवलेली फुलं, नवरीच्या हातात ताजी. म्हणाल्या, "त्या घरचं मुद्दाम सांगणं आहे. सालेम्सदालच्या द्रुसिलाचीच फुलं हवीत, दुसऱ्या कुणाची नकोत."

मग कागद पुढे केला. नवरी – अ‍ॅनेलीस ब्रिंक. आई – एवलीन ब्रिंक.

बावीस वर्षांत तिचं एकच पत्र आलं होतं. पत्ता नव्हता, पण आडनाव हेच. मी कागद परत केला. "होईल मॅडम," म्हणाले. हात अ‍ॅप्रनखाली घातले.

४ जून

चर्चमध्ये एक शब्द ऐकू आला नाही.

तिनेच सांगितलं असणार! माझीच फुलं हवीत म्हणाली! म्हणजे विसरलेली नाही. बोलवता येत नाही म्हणून असं बोलावतेय.

एकवीस वर्षांची होती. माणसाचा वर्ण ठरवायच्या कचेरीत तिच्या केसांत पेन्सिल खोचून पाहिली म्हणे – पेन्सिल घसरून पडली आणि माझी बहीण कागदावर गोरी झाली. आम्ही राहिलो मिश्रवर्णीच. त्यानंतर रस्त्यात भेटलो तरी ओळख द्यायची नाही, असं तिनेच ठरवलं. मी रागाने "बरं" म्हटलं. तेवढंच शेवटचं बोलणं.

९ जुलै

आईला सांगितलं. चहाचा कप चाचपत खाली ठेवला. मग म्हणाली, "सगळं निळंच लाव."

"आता कुठलं आई, पेरणी झाली की."

"मग मला घेऊन चल."

नाही म्हणाले. तिचा आवाज ऐकला की आई हाक मारणार. तिच्या गोऱ्या नवऱ्याला कळलं तर तिचं लग्न बेकायदा, मुलीचे कागद बदलणार, सगळंच जाणार. आईला हे माझ्याहून चांगलं कळतं. तरी म्हणाली, "मी तोंड मिटून बसेन गं."

१७ सप्टेंबर

रात्रभर वारा होता. लार्कस्पर अर्धा आडवा. शेजारचे अपोलिसकाका काठ्या आणि सुतळी घेऊन आले, मला चिडवत म्हणाले, "राणीसाहेब, एवढी काळजी माझ्या म्हाताऱ्या गुडघ्यांची घेतली असतीत तर आज नाचलो असतो!" आईने बसल्या जागी सुतळीचे तुकडे केले. संध्याकाळपर्यंत सगळं उभं केलं.

२२ ऑक्टोबर

लार्कस्पर माळ्यावर गेला. जुड्या उलट्या टांगल्या, खिडकीला पोतं लावलं – उजेड लागला की निळं विटतं. आता सातवर्षी. पुरती उमलायच्या आत खुडायची, ओली असतानाच बोंडात तार खुपसायची. बोटं सगळी भोसकलीत. खुडली तरी उमलत राहते ती, टांगल्या जागी. सकाळी वर गेले की आदल्या दिवशीच्या मिटल्या कळ्या उघडलेल्या असतात.

तिला काय म्हणायचं, तेच जुळवत असते. एवी म्हणू? तिला एवी कुणी म्हणत असेल का आता?

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

फुलं काकांच्या गाडीतून नेली. हॉलच्या मागच्या दाराने आत गेलो.

ती आली. फिक्या निळ्या झग्यात. जाड झालीय. चालणं बाबांचं! मला पाहिलं आणि दाराची चौकट धरली. चेहरा पांढराफटक. मागे तिचा नवरा होता. उमदा माणूस, फुलं बघून खूश झाला. "वा! एवलीन, ही बाई कुठली गं?"

ती म्हणाली, "मला काय माहीत? दुकानाने पाठवलीय."

मग माझ्याकडे न बघता, "तिथे ठेव."

मी "हो मॅडम" म्हणाले. पाच महिने जुळवलेलं सगळं गेलं, हे दोनच शब्द राहिले.

 

२५ नोव्हेंबर

आज लग्न. वाफे उपटून टाकले.

२६ नोव्हेंबर

आईला म्हटलं, भेटली. हात धरला माझा. तुझी चौकशी केली.

"काय म्हणाली?"

"आई कशी आहे, म्हणाली."

आईने माझा हात शोधून थोपटला. "द्रुसी, तुला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही."

तिला माझीच फुलं हवी होती तर ती अशी घाबरली का? तोंड फिरवायचंच होतं तर बोलावलं कशाला? आता तिची वाट बघणार नाही.

बघणार. मला माहितेय.

१० डिसेंबर, रविवार

चर्चहून येऊन मासा तळत होते. दारात एक गोरी मुलगी. अ‍ॅनेलीस.

"फुलं मी सांगितली होती," म्हणाली. "आईला शेवटपर्यंत माहीत नव्हतं." एवलीनच्या कपाटात तिला बाप्तिस्म्याचा कागद सापडला होता. त्यावर आमचं गाव, आमचं आडनाव. या आडनावाचं इथे कोण आहे, ते तिने फुलांच्या दुकानातच शोधून काढलं. "तुम्हाला एकदा बघायचं होतं. आणि त्या दिवशी हॉलमध्ये मीही घाबरले, मावशी. पडद्यामागे उभी राहिले."

मावशी!

आईने तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवला. "एवलीनची ना तू?"

"हो, आजी."

"नवऱ्याला ठाऊक आहे?"

"आज वाटेत सांगितलं. गाडीतच बसलाय. अजून काही बोललेला नाही."

"मग त्याला उन्हात कशाला बसवलंस? जा, जेवायला बोलाव."

ती त्याला बोलवायला गेलीय. मी ताटं चार मांडलीत. गाडीचं दार वाजलं – उघडलं की लागलं, इथून कळत नाही.