गनमेटलचं बुश

३ फेब्रुवारी, मंगळवार

लाँचचा पंप आज खोलला. इंजिन गार ठेवायला खारं पाणी ओढतो तो. शाफ्ट हाताने हलवून पाहिला तर पडायला आलेल्या दातासारखा हलतोय! शाफ्ट धड आहे — ज्या दोन बुशांमध्ये तो फिरतो ती झिजून अंडाकार झालीत. नवीन करायची. कशाची, एवढंच ठरवायचं.

लाँचवाल्याला आठवड्यात पाहिजे. पलीकडच्या काठाची माणसं त्याच्या नावाने बोटं मोडतायत. त्याला म्हटलं, मधल्या धारेत इंजिन तापून बंद पडलं तर चाळीस माणसं वाहत जातील, तेव्हा जरा दम धर.

दिवसभरात माझं एवढंच बोलणं.

४ फेब्रुवारी, बुधवार

लाँचवाल्याने नायलॉनची बुशं आणून टाकली. कोपऱ्यावरच्या नव्या टर्नरकडून लेथवर करून घेतलेली. हलकी, गंजत नाहीत, ग्रीस लागत नाही — मलाच शिकवत होता. सगळं खरं. पण नायलॉन पाणी पितं. बुशं पंपात ठोकली, शाफ्ट घातला. अगदी मऊ फिरला. तसाच्या तसा पंप मिठाच्या कोमट पाण्यात, बादलीत ठेवलाय. बघू.

खोलीवर आलो. भात पुन्हा जास्त झाला. ही जाऊन चार वर्षं होतील, अजून एकट्यापुरता अंदाज येत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

फुगलं! बुशांनी शाफ्ट असा आवळलाय की पान्हा लावला तरी ढिम्म. माझंच खरं निघालं. सांगायला मात्र कोणी नाही. बादलीलाच म्हटलं, बघ.

९ फेब्रुवारी, सोमवार

नव्या टर्नरकडे स्वतः गेलो. गनमेटल मागितलं — तांब्या-कथलाचं, खाऱ्या पाण्यात टिकणारं. त्याने कांब पुढे केली. कानस मारून पाहिली — आतून पिवळीधमक. पितळ! खाऱ्या पाण्यात यातलं जस्त निघून जातं नि मागे नुसता भुसा उरतो, असं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "काका, तुम्ही फार खोलात जाता."

लालसर, खरं गनमेटल एकाच ठिकाणी आहे. वडिलांच्या लेथच्या दुकानात. म्हणजे आता दादाच्या.

दोन गल्ल्या पलीकडे. सहा वर्षांत पाऊल ठेवलेलं नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

कागदावर माप लिहिलं : शाफ्ट वीस मिलिमीटर, बुशाचं भोक वीस पॉइंट शून्य पाच. वहिनी बाजारात भेटली, तिच्या हातात दिला. तिने घडी न उघडता पिशवीत टाकला.

इथे कोणी वाचणार नाही, म्हणून लिहितो. सहा वर्षांपूर्वी गिऱ्हाइकासमोर मी म्हणालो होतो की दादाने माप चुकवलंय. दादाने मशीन बंद केलं, हात पुसले, आणि आपलं काम यापुढे दुसरीकडे ने म्हणाला. आवाजसुद्धा चढवला नाही. घरी येऊन मी पुन्हा मोजलं. माझंच मोजणं चुकलं होतं! हे त्याला सांगायला जायचं होतं. उद्या जाऊ, परवा जाऊ — मग जाणंच राहिलं. ही होती तोवर रोज पाठीस लागायची.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

बुशं आली. वहिनीनेच आणून दिली. धातू काय सुंदर! कापलेल्या जागी तांबूस झाक. शाफ्ट घातला, आणि खुळखुळला. पाव मिलिमीटर सैल! दादाचं काम? त्याच्या हातचं मी कधी दुसऱ्यांदा मोजलं नव्हतं — ते एकदा सोडून.

सैल आहेत एवढंच लिहून चिठ्ठी परत पाठवली.

१४ फेब्रुवारी, शनिवार

दुसरी जोडी. आता इतकी घट्ट की शाफ्ट आतच जात नाही. एका बुशाचं भोक एकीकडे कललेलं. वहिनीला विचारलं, दादा मुद्दाम करतोय का? ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "भाऊजी, एकदा तुम्हीच या ना." आणि निघून गेली.

म्हणजे मी नाक घासत यावं, असंच ना! दोन जोड्या धातू वाया घालवून मला नमवायचं! वडिलांनी जपून ठेवलेला माल होता तो.

१५ फेब्रुवारी, रविवार

पंपावर फडकं टाकून ठेवलंय. बघवत नाही. दुपारी जेवलो नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

लाँचवाला सकाळीच दारात. म्हणाला, उद्या संध्याकाळपर्यंत नाही झालं तर पितळेची बसवतो, पुढचं पुढे. समजावलं. ऐकेना. त्याचंही बरोबर आहे, तेरा दिवस लाँच काठाला बांधलेली आहे.

म्हणजे पितळ. म्हणजे वर्षाच्या आत कधीतरी, धारेच्या मधोमध.

उद्या जातो. काय बोलायचं ते मनात तीनदा जुळवलं. आधी त्या जोड्या त्याच्यापुढे आपटायच्या. मग पुढचं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

दादा खिडकीपाशी उभा होता. हातातल्या बुशाच्या कडेवरून अंगठा फिरवत होता, पुन्हा पुन्हा. मी चार पावलांवर. त्याने मान वर केली, सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "कोण पाहिजे आपल्याला?"

जुळवलेलं सगळं विसरलो. म्हटलं, "दादा, मी."

त्याने चाचपत बुश खाली ठेवलं. मग मायक्रोमीटर माझ्या आवाजाच्या दिशेने पुढे केला. "मशीन मी चालवतो. आकडे तू वाच."