हात वर केलेली आजी

सोमवार
नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि चक्क खिडकीजवळची जागा मिळाली! खाली सिग्नल नसलेलं झेब्रा क्रॉसिंग, पलीकडे ताईचं ऑफिस. संध्याकाळी रस्ता ओलांडून तीच मला घ्यायला येणार. आमच्या कंपनीच्या गाड्या बिनड्रायव्हरच्या. कडेला उभ्या माणसाच्या मनात काय आहे ते ड्रायव्हर नजरेने ओळखतो. गाडीला ते आम्ही शिकवायचं. रस्त्यावरचा व्हिडिओ बघायचा आणि बटण दाबायचं: 'गाडी थांबव' किंवा 'माणूस जा म्हणतोय'. खात्री नसेल तर बाजूला ठेवून कारण लिहायचं. ताई म्हणाली, लोकांकडे टक लावून बघायचा पगार! तुझ्यासाठीच काढलीये ही नोकरी.

बुधवार
हात वर केलेली माणसं डोकं खातात. थांब म्हणतात की तू जा म्हणतात, कळेल तर शपथ. कारणं लिहीत बसलं की काम मागे पडतं. म्हणून हात दिसला की मी सरळ 'जा' दाबते. आज खालच्याच क्रॉसिंगच्या व्हिडिओतली, करड्या स्वेटरमधली एक आजी तशीच उरकली. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, घाबरलेली दिसतेय गं, पुन्हा बघ. मी म्हटलं, "हात वर म्हणजे जा. पुढचं घे." आमच्या टीमच्या मॅडमनी सगळ्यांसमोर माझ्या वेगाचं कौतुक केलं. मी फुगले.

शुक्रवार
आम्ही शिकवलेलं काल गाड्यांमध्ये चढवलं. आज सकाळी खालच्या क्रॉसिंगवर ती करड्या स्वेटरमधली आजी आमच्याच गाडीखाली गेली. हात वर करून रस्त्यात उतरली होती म्हणे. गाडी थांबलीच नाही. सगळे हळहळले. मीही हळहळले, सगळ्यांत मोठ्याने. शेजारची माझ्याकडे बघत राहिली. लिहितानाही लाज वाटते.

सोमवार
प्रत्येक व्हिडिओत ती आहे. रस्ता दुसरा, गाव दुसरं, कडेला तोच स्वेटर. हात वर. गाडीकडे नाही, माझ्याकडे बघते. मॅडमना खरं सांगायला दोनदा उठले. कौतुक आठवलं. बसले.

मंगळवार
आजही सांगितलं नाही. गाड्या तशाच धावतायत. ताईला म्हटलं, मला घ्यायला येऊ नकोस. तिने विचारलं, का गं? काही नाही म्हटलं.

बुधवार
ताई आलीच. पलीकडे उभी आहे. तिच्या शेजारी करडा स्वेटर— गाडी येतेय— मॅडमना आता सांगून काय— ही खिडकी उघडत नाही— मी हात वर केला, थांब म्हणून. ताईने पाहिलं. हसली. पाऊल खाली— तिला वाटलं मी ये म्हण—