सही न घेता गेलेले दोघे

प्रिय ताई,

तुला आणि भावजींना नमस्कार. मी बरा आहे, वेळेवर जेवतो. आईला एवढंच सांग.

आमच्या बँडचा नवा अल्बम आला आणि डोक्याला ताप झाला. काल दुकानात आम्ही सह्या देत होतो. एक जुना चाहता म्हणाला, "सरकारला शिव्या पुरे, आता गाणी वाजवा." मागची मुलगी उसळली, "उलट हे मवाळ झालेत." दोघं माझ्यासमोरच भांडले आणि सही न घेताच गेले.

बाबांच्या बंद पडलेल्या कारखान्यावर मी गाणं लिहिलंय. त्याबद्दल अजून कुणी चकार शब्द काढलेला नाही.

बाबांना ऐकवलंस का? काय म्हणाले ते न गाळता कळव. नुसते उठून गेले असतील, तरी तेही लिही.

तुझाच,
धाकटा